चौथं बटण

हॉल एक, अ‍ॅम्प्लिफायर एक आणि बायका दोन. भांडणाला आणखी काय लागतं? खिडकीकडे नणंदेचं कॅन्टीन, उरलेल्या गुळगुळीत फरशीवर भावजयीचा स्केटिंगचा क्लास. अ‍ॅम्प्लिफायर कॅन्टीनच्या कपाटात. त्याला चार चॅनेल, आवाजाची चार बटणं. पहिली दोन कॅन्टीनच्या स्पीकरची, तिसरं रिकामं, चौथं फरशीवरच्या स्पीकरचं. मागचा खटका मात्र असा की एका वायरीतून आलेला आवाज सगळ्या चॅनेलना जाई. कॅन्टीनची गाणी फरशीवर, भावजयीची माईकवरची शिकवणी चहाच्या टेबलांवर.

गिऱ्हाईकांनी काय गुडघे वाकवून चहा प्यायचा, असं नणंद विचारी, आणि येताजाता चौथं बटण खाली करी. भावजय दिसली की हात पदराला पुशी. चाकांच्या घरघरीत मुलांना काही ऐकू येईना. आईबाप कुरकुरले. भावजयीच्या नवऱ्याने सांगून टाकलं की महिनाअखेर सुधारलं नाही, तर क्लास बंद. ताईला टेबलं वाढवायचीच आहेत. यंत्रच दमलंय, असं त्याला वाटे. ताईवर संशय घेणं त्याच्या रक्तात नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी भावजयीने प्लग काढला आणि यंत्र पाठमोरं केलं. आधी आत येणाऱ्या आवाजाचा खटका फिरवला: ज्याचं त्याला. मग रिकामं तिसरं आणि दुबळं चौथं यांची जोडी लावली, ब्रिज. दोघांची ताकद एकाच मोठ्या स्पीकरला. असल्या जोडीला कमी ओहमचा हलका स्पीकर लावला तर यंत्र तापून मान टाकतं, म्हणून तिने स्पीकरच्या पाठीवरचे ओहम पुन्हा पुन्हा वाचले. वायरीची दोन टोकं दोन्ही चॅनेलच्या लाल खुंट्यांना आवळली आणि प्लग लावला. आवाज असा घुमला की खिडकीची काच बोलली.

तेव्हाच, बटणं फिरवून पाहताना, तिला कळलं. जोडी लागली की तिसरं बटण राज्य करतं. चौथं नुसतं फिरतं. सांगायला हवं होतं. ती नाही बोलली. बोलून कुठल्या नणंदेचा हात थांबलाय?

नणंद येताजाता चौथं बटण पिरगाळी. आवाज उतरत नसे, तशी ती आणखी जोरात पिरगाळी, आणि भावजय फरशीवरून पाही. पाहताना पोटात गार गार वाटे, विहिरीच्या पायरीवर बसल्यासारखं.

मग महिनाअखेर आली. आईबाप बाकांवर बसले होते. एक मुलगी नेमकी स्पीकरखाली आपटली. भावजय तिला उचलायला वाकली, माईक हातातून सुटून बाकाखाली घरंगळला आणि स्पीकरने कर्कश शिट्टी धरली. पोरं कानांवर हात ठेवून रडू लागली. एक बाप उठून आपल्या पोराच्या पायांतली चाकं सोडू लागला.

नणंद कपाटाशी होती. तिने चौथं बटण पार खाली आणलं. शिट्टी तशीच. पुन्हा वर, पुन्हा खाली.

"वन्सं, तीन नंबरचं!" भावजयीला ओरडावंच लागलं.

तिसरं फिरलं. शांतता पडली. त्या शांततेत नणंदेने आधी बटणाकडे पाहिलं, मग भावजयीकडे.

भावजय मुलीला आईजवळ देऊन कपाटाशी आली. नणंदेने तिसऱ्यावरचा हात काढला नव्हता.

"इतके दिवस मला खुळखुळा दिला होतास खेळायला," ती दबक्या आवाजात म्हणाली. "येऊ दे त्याला घरी. सांगते, बायको कशी बनवाबनवी करते ते."

"सांगा. आणि चौथं बटण रोज कशाला खाली करत होता, तेही सांगा."

नणंदेने बटण आणखी घट्ट धरलं. भावजयीने तिची बोटं एकेक करून बाजूला केली. बोटं ताठ होती, पण बाकांवरून सगळे बघत होते, म्हणून नणंदेने ओढाताण केली नाही. भावजयीने आवाज बेताचा वर घेतला, बाकाखालून माईक काढला.

"चला. चाकं सोडू नका कुणी. डावा पाय पुढे."

त्या बापाने अर्धा सोडलेला पट्टा पुन्हा आवळला.