हो म्हणणारी मुलगी

मुलीच्या तोंडात 'हो' बसला होता. समजलं का? हो. झालं का? हो. पुस्तकातली अक्षरं तिच्या डोळ्यांपुढे जागा बदलायची, ती ओळ संपवेपर्यंत वर्ग पान उलटून मोकळा. आणि 'नाही' म्हटलं, की फळ्यापाशी उभं राहून तीच ओळ सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायची शिक्षा. 'हो' म्हटलं की माणसं पुढे निघून जातात, एवढी अक्कल तिला पहिलीतच आली. वर्गात तिला गोगलगाय म्हणायचे. शिक्षकही हसायचे. हसायला वेगळं प्रशिक्षण लागत नाही.

तिची आई इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला. दिवसभर चादरींच्या वाफेत उभं राहायचं आणि सुटी काढून शाळेत खेटे घालायचे. तज्ज्ञांनी मुलीला तपासून सांगितलं होतं, डोकं लख्ख आहे, वाचायला वेळ लागतो, परीक्षेत जादा वेळ द्या. मुख्याध्यापक म्हणाले, आज हिला दिला तर उद्या झाडून सगळे आळशी रांग लावतील. आईनं विचारलं, चष्मा लावणाऱ्याला तुम्ही आळशी म्हणता का? त्यांनी स्वतःचा चष्मा काढून पुसला आणि विषय बदलला.

मुलगी एकदा नापास झालेली होती. त्याच इयत्तेत पुन्हा नापास होणाऱ्याला ही शाळा ठेवत नसे. वार्षिक परीक्षा तोंडावर आल्यावर एकदाचा वेळ मंजूर झाला, तोही भिकाऱ्याच्या वाडग्यात शिळं टाकावं तसा.

बाकीचे पेपर निभावले. उरलं गणित. आकडेमोड तिला यायची, पण उदाहरण वाचून होईस्तोवर जीव जायचा. जादा वेळात तिच्याजवळ बसायला चित्रकलेच्या बाईंना नेमलं होतं, कारण बाकी सगळ्यांनी हात वर केले. आईनं सकाळीच त्यांना फाटकात गाठलं.

"बाई, एवढंच करा. तिला 'झालं का' असं विचारू नका. ती हो म्हणते."

"अहो, मग विचारू तरी काय?"

"काहीच नका विचारू. नुसत्या बसा."

बाई हसल्या, मान डोलावून आत गेल्या.

मोडकी बाकं आणि खेळाच्या चटया रचलेल्या खोलीत दोघी बसल्या. घंटा झाली, सगळी शाळा आरडाओरडा करत बाहेर पडली. मुलीनं मान वर केली नाही. शेवटची दोन मोठी उदाहरणं राहिली होती आणि ती एकेका शब्दाखाली बोट ठेवून पुढे सरकत होती. फाटकाबाहेर बाईंच्या नवऱ्यानं स्कूटरचा हॉर्न वाजवला. बाईंनी किल्ल्या काढल्या. एक खिडकी लावली, मग दुसरी. हॉर्न पुन्हा वाजला.

"झालं ना गं?"

मुलीचं बोट अजून ओळीच्या मधोमध होतं. ती म्हणाली, हो.

बाईंनी पेपर उचलला, वर शाबासकीही दिली.

गणितात ती थोडक्या गुणांनी गेली. दोनातलं एक उदाहरण जरी लिहिलं असतं तरी निघाली असती. मुख्याध्यापकांनी आईला समजावलं, वेळ आम्ही दिला, तिनं वापरला नाही, आता काय हात धरून लिहायचं? बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. म्हणाल्या, मी विचारलं होतं, ती हो म्हणाली.

"मी सांगितलं होतं तुम्हाला," आई म्हणाली.

"कुणाकुणाचं काय काय लक्षात ठेवायचं हो आम्ही?"

"खोलीत एकच मुलगी होती, बाई."

मग मुख्याध्यापकांनी शाळा सोडल्याचा दाखला पुढे सरकवला आणि पोरीला एखादं हातकाम शिकवा, असा सल्ला फुकटात दिला.

रस्त्यात आईचा बांध फुटला. आजवर तिनं पोरीवर आवाज चढवला नव्हता. आज चढवला, भर रस्त्यात, माणसं वळून बघेपर्यंत. तोंड नव्हतं का तुला, एक शब्द बोलायचा होता, नाही झालं म्हणून. मुलगी खाली मान घालून चालत राहिली. पुढे कुठली शाळा, कुठली परीक्षा, आईला काही सुचत नव्हतं. तिनं मुलीचा खांदा धरून तिला थांबवलं.

"पुढच्या वेळी नाही म्हणायचं. समजलं का?"

"हो," मुलगी म्हणाली. लगेच, आईचं वाक्य पुरतं संपायच्याही आत.

आईनं खांद्यावरचा हात काढून घेतला.