आड येणारी डहाळी

मी हॉस्पिटलात एक्स-रे काढते. "श्वास घ्या, रोखून धरा, हलू नका, सोडा," हे दिवसातून साठ वेळा म्हणते. आई म्हणते, "आठवडाभर लोकांची हाडं टिपतेस आणि रविवारी पाखरांची पिसं. जिवंत माणसाचा चेहरा कधी टिपणार आहेस?" मी तिला सांगते की चेहरे फार हलतात. हाडंही हलतात म्हणा, पण हाडांवर मला ओरडता येतं.

हा नाद मला काकांनी लावला. काका सख्खे नव्हेत. नगरपालिकेत इमारतींचे नकाशे काढायचे. निवृत्त झाल्यावर मान धरली म्हणून माझ्याकडे एक्स-रेला आले आणि भिंतीवर मी चिकटवलेला कबुतराचा फोटो पाहून म्हणाले, "छान आहे. शेपूट घरी विसरलात का?" पुढच्या रविवारी मी त्यांच्या गटात होते. पाच-सहा जण होतो. दाताचे डॉक्टर, एक शिंपीणबाई, असे. तळ्यावरचे पक्षी, जुन्या इमारतींच्या कमानी, चौकातले पुतळे, ढग, आम्हाला काही वर्ज्य नव्हतं. वर्षातून एकदा वाचनालयाच्या दालनात प्रदर्शन भरायचं. पक्षी, निसर्ग, कला आणि वास्तू असे चार विभाग, प्रत्येकाला एक पहिलं बक्षीस. मी दर वर्षी चारही विभागांत फोटो द्यायची आणि चारही विभागांतून हात हलवत परत यायची. मला कुठेच दम धरवत नाही, म्हणून काकांनी माझं नाव घाईबाई ठेवलं होतं.

काकांचा नियम एकच होता. "पानाआडून जेवढं दिसेल तेवढं आपलं. बाकीचं पक्ष्याचं." एकदा डॉक्टरांनी बगळा नीट दिसावा म्हणून तळ्याकाठचं गवत पायाने दाबलं, तर काका त्यांच्याशी सहा महिने बोलले नाहीत. भांडले नाहीत, नुसते बोलले नाहीत. त्यांचा राग असाच होता, आवाज नसलेला आणि लांबलचक.

काकूंना फोटोतलं ओ की ठो कळत नव्हतं आणि त्यांना त्याचं काही वाटतही नव्हतं. त्यांचे पक्षी म्हणजे कावळे. रोज सकाळी सात वाजता त्या मागच्या भिंतीवर शिळ्या पावाचे तुकडे मांडायच्या. पाच-सहा कावळे यायचे. त्यातला एक लंगडा होता, त्याला त्या 'साहेब' म्हणायच्या. "साहेबांना आज उशीर झाला," असं म्हणून त्याच्यासाठी दोन तुकडे मागे ठेवायच्या. काका गॅलरीतून म्हणायचे, "तुझी खानावळ चालू दे." त्यात तेव्हा नुसती थट्टाच असायची.

त्या भिंतीलगत काकांनी लावलेलं तुतीचं झाड आहे. अकरा वर्षं ते वाट पाहत होते की हळद्या, तो पिवळाधमक पक्षी, तिथे घरटं करील. तीन वर्षांपूर्वी त्याने केलं. पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून हात लांब करून काठी लावली तर पोचेल, इतक्या जवळ, दोन फांद्यांच्या बेचक्यात वाटीसारखं टांगलेलं. काकांनी गॅलरीला मळकट पडदा लावला, त्याला लेन्सपुरतं भोक पाडलं आणि गटातल्या कुणालाही सांगितलं नाही. फक्त मला सांगितलं. एवढा विश्वास माझ्यावर तोवर कुणी टाकला नव्हता.

त्या मंगळवारी माझी दुपारची पाळी होती. काका पेन्शनसाठी आपण जिवंत आहोत हे बँकेत जाऊन सिद्ध करायला गेले होते. काकू खाली कपडे धूत होत्या. नऊचं ऊन घरट्यावर तिरकं येत होतं. तीन पिल्लं होती, नर दर दहा मिनिटांनी अळी घेऊन येत होता, आणि प्रत्येक फोटोत त्याच्या डोक्यावर पान येत होतं. एकच डहाळी, सात-आठ पानांची, बरोबर मधे. प्रदर्शनाला फोटो द्यायची शेवटची तारीख शुक्रवार होती. गॅलरीच्या कोपऱ्यात तुती काढायची लांब काठी होती, टोकाला आकडी असलेली. नुसती बाजूला सारू, असं मी मनाशी म्हटलं. आकडी लावली, ओढली, आणि डहाळी मोडली.

घरट्यात थेट ऊन पडलं. पिल्लांनी माना वर केल्या. बऱ्याच वेळाने नर आला, जरा बिचकला आणि मग बसला. अकरा फोटो मिळाले. त्यातला सातवा माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो आहे, हे मला तेव्हाही कळलं आणि आजही माझं तेच मत आहे.

डहाळी मी आकडीनेच ओढून घेतली, दुमडून पिशवीत घातली आणि हॉस्पिटलच्या कचऱ्यात टाकली. निघताना काका दारात भेटले. मी म्हटलं, "जोडी जरा बिथरलीय. आज गॅलरीत नका जाऊ."

"शहाणी झालीस, घाईबाई," ते म्हणाले, आणि खरंच गेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला त्यांचा फोन आला. नुसतं "ये" म्हणाले. मी पोचले तेव्हा घरटं एका बाजूने फाटून लोंबत होतं. हळद्याची जोडी या झाडावरून त्या छपरावर ओरडत फिरत होती. एक पिल्लू भिंतीखाली पडलं होतं, बाकीची दोन नव्हती. भिंतीवर कावळे बसले होते. काकू पावाची ताटली हातात घेऊन अंगणात उभ्या होत्या, ती कुठे ठेवावी हे त्यांना सुचत नव्हतं.

काकांनी ताटलीकडे पाहिलं. "तूच रोज जेवायला बोलावलंस त्यांना," ते म्हणाले. "आज पोटभर जेवले."

काकू म्हणाल्या, "अहो, पण मी..." आणि ताटली पाठीमागे घेतली.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, असं आपण म्हणतो. इथे फांदी आधी मोडली होती आणि मोडणारी मी होते. घरटं बांधल्या दिवसापासून तेच कावळे, तोच पाव, तीच भिंत. पण तोपर्यंत त्यांना घरटं वरून दिसत नव्हतं. मी हे तिथेच बोलायला हवं होतं. तो एकच क्षण होता असंही नाही, त्यानंतर तीन वर्षांत असे शेकडो आले. मी प्रत्येक वेळी तोंड शिवून बसले, कारण काका डॉक्टरांशी गवतापायी सहा महिने बोलले नव्हते, आणि ते माझ्याशी बोलले नाहीत तर मी काय करणार होते?

सातवा फोटो मी शुक्रवारी दिला. होय, दिला. पक्षी विभागात पहिला आला. काकांना दाखवायला नेला तर त्यांनी डोळ्यांवर हात धरला. "नको गं. ती तोंडं मला बघवणार नाहीत." बघितला असता तर एका नजरेत त्यांना कळलं असतं, कारण डहाळी तोडल्याशिवाय त्या गॅलरीतून घरट्यासमोर एकही पान नसलेला हळद्याचा फोटो निघूच शकत नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटकेची मला आजही शिसारी येते.

काकांनी कॅमेरा पिशवीत घालून कपाटाच्या डोक्यावर टाकला. गॅलरीत पुन्हा पाऊलही न टाकता तिच्या दारापुढे आतून जड पेटी सरकवून ठेवली. काकूंशी बोलणं बंद केलं. म्हणजे अगदीच बंद नाही. "मीठ." "औषध." "कुणीतरी आलंय." रविवारी मी जायची तेव्हा मात्र भरभरून बोलायचे, जुन्या कमानींबद्दल, उजेडाबद्दल, डॉक्टरांच्या कंजूषपणाबद्दल. काकू चहा ठेवून आत जायच्या. कावळ्यांना तुकडा घालणं त्यांनी त्याच दिवशी सोडलं होतं.

गेल्या गुरुवारी काकू माझ्या टेबलावर आल्या. उजवं मनगट सुजलेलं, डाव्या हातात स्वतःचाच केसपेपर. बरोबर कुणी नव्हतं.

"काका कुठेत?" मी विचारलं.

"घरी. मी सांगितलं नाही. सांगायचं तर बोलावं लागतं ना." त्या हसल्या. मग म्हणाल्या, "मी स्टुलावरून पडले. कपाटावरची त्यांची कॅमेऱ्याची पिशवी पुसत होते. दर आठवड्याला पुसते. वाटतं, कधी हात लावलाच तर धूळ नको लागायला."

मी त्यांचा हात प्लेटवर सरळ ठेवला. हाड मोडलेलं होतं, ते डोळ्यांनीही दिसत होतं.

"माझंच चुकलं," काकू छताकडे बघत म्हणाल्या. "पिल्लं होती वर, आणि मी खाली कावळ्यांची पंगत मांडली. अक्कल नको का माणसाला?"

"हलू नका," मी म्हटलं, आणि काचेमागे जाऊन उभी राहिले. बटण दाबायला मला बराच वेळ लागला.

मग मात्र माझं ठरलं. रविवारी जायचं आणि काकांना सगळं सांगायचं. त्यांनी मला हाकललं तरी चालेल, जन्मभर बोलले नाहीत तरी चालेल, पण काकूंशी बोलायला हवेत. पहिल्यांदाच मी कसली घाई केली नाही. तीन दिवस वाक्यं घोटली.

रविवारी दार काकूंनी उघडलं. हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. काका अंघोळीला गेले होते, आतून पाण्याचा आवाज येत होता. काकू स्वयंपाकघरात डाव्या हाताने सुरी धरून बटाटा सोलत होत्या. बटाटा निसटून तीनदा ओट्याखाली गेला. चौथ्यांदा मी तो उचलला आणि घोटलेली वाक्यं बाजूला राहून सरळ बोलून गेले. डहाळी, आकडी, पिशवी, कचरा, बक्षीस. सगळं. दोन मिनिटांत संपलं. तीन वर्षं पोटात ठेवलेलं दोन मिनिटांत संपतं याचाच मला राग आला.

काकूंनी सुरी खाली ठेवली.

"साहेब दोन महिने येत होता," त्या म्हणाल्या. "भिंतीवर बसायचा, मी हाकलायची. एकदा दगड मारला. लंगड्या प्राण्याला दगड मारला मी."

"काकू, मी आत्ता काकांना सांगते. ते बाहेर आले की लगेच..."

"नाही सांगायचं."

"पण मग ते तुमच्याशी..."

"मूर्ख आहेस का?" त्यांनी आवाज चढवला नाही, पण मला तशा त्या कधीच बोलल्या नव्हत्या. "नकाशात एक रेघ चुकली होती यांची, जिना अर्ध्या फुटाने अरुंद झाला. आठ दिवस जेवले नव्हते. आणि आता त्यांना कळलं की बायकोला तीन वर्षं उगाच छळलं, तर? माझ्यावरच्या रागावर उभा आहे तो माणूस. तो काढून घेतलास तर राहील काय त्यांच्यापाशी? मला सोसायची सवय झालीय. त्यांना नाही सोसणार."

"मला माफ..."

"ते नको मागूस. तेवढं माझ्याकडे नाहीये." त्यांनी डाव्या हाताने डोळे पुसले. "आणि यायचं बंद करायचं नाही. तू आलीस की या घरात माणसाचा आवाज येतो. दर रविवारी यायचं. कळलं?"

पाण्याचा आवाज थांबला. मी बटाटा सोलायला घेतला.

काका खांद्यावर टॉवेल टाकून बाहेर आले. "अरे, घाईबाई! बैस, बैस." ते टेबलाशी बसले, केस पुसले आणि खिडकीकडे मान केली. "आज पहाटे हळद्या ओरडला तुतीवर. ओरडून लगेच उडाला. कशाला थांबेल? या घराची कीर्ती पसरलीय." काकू डाव्या हाताने कपात चहा गाळत होत्या. काकांनी प्लास्टरकडे पाहिलं, नजर काढून घेतली आणि त्यांचा आवाज एकदम चढला. "ही अजून मनात म्हणत असेल, दोन तुकड्यांनी काय होतंय. तूच सांग हिला. तू होतीस ना त्या दिवशी. कशाने गेली पिल्लं?"

मी काकूंकडे पाहिलं. त्यांनी गाळणं खाली ठेवलं.

"सांग ना," काकू म्हणाल्या. "विचारतायत ते."

"पावाच्या तुकड्यांमुळे," मी म्हटलं.

"ऐकलंस?" काका बायकोला म्हणाले.

"ऐकलं," काकू म्हणाल्या. कप माझ्यापुढे सरकवला आणि विचारलं, पुढच्या रविवारी किती वाजता येणार.