न विकलेल्या गुळाचा नफा

१९५७ सालची गोष्ट. शाहूपुरीच्या गूळपेठेत त्या दिवशी मुंगीलाही शिरायला वाट नव्हती. गुळाच्या कंपनीचे मालक हंबीरराव यांच्या वखारीत एक चमत्कारी महाराज आले होते. गेल्या साली त्यांनी भस्म फुंकलं आणि कंपनीचा नफा दुप्पट झाला, असं पेठेतला जो तो सांगत होता. आता कंपनीचे नवे शेअर निघाले होते.

"फुंकर माझी, भरभराट तुमची! द्या लेकरांनो, लक्ष्मी पाझरतीया!" महाराज गर्जले.

शेअर घ्यायला धोंडुबाई सोन्याच्या पाटल्या पदरात बांधून पुढं सरकत होती. मागं तिचे शेजारी नृसिंहराव उभे होते. ते हिशेबतपासनीस. बायको गेल्यापासून त्यांच्याशी बोलणारं असं एकच माणूस उरलं होतं, रोज भाकरी आणून देणारी ही धोंडुबाई.

"हंबीरराव, गूळ विकला कुणाला?" नृसिंहरावांनी विचारलं.

"आमच्याच दुसऱ्या कंपनीला. चढ्या भावानं की!"

"आणि तिनं कुणाला विकला?"

हंबीरराव वखारीच्या मागच्या पडद्यापुढं सरकले. नृसिंहरावांनी तो पडदा सारला. गुळाच्या ढेपा जाग्यावरच होत्या. वर पाटी तेवढी दुसऱ्या कंपनीची.

"धोंडुबाई, तुम्ही सुनेला दूध विकलं आणि ते घरातच राहिलं, तर घराला काय मिळालं?"

"काय बी न्हाय."

"तसंच हे. मालकानं घरच्या घरी दोन्ही कंपन्यांचे नफे नुसते एकावर एक रचलेत. अशी बेरीज करायला हरकत नाही, पण आपसातल्या विक्रीचा नफा त्यातून वजा करायला हवा. नव्या कंपनी कायद्यानं उपकंपनीचा, म्हणजे त्या दुसऱ्या कंपनीचा, ताळेबंदही जोडावा लागतो. तो मागा. पडून राहिलेला गूळ त्यात दिसेल."

"नास्तिकाची नजर पडली! लक्ष्मी चालली!" महाराज किंचाळले.

"पांढऱ्या पायाचा हाय ह्यो! भाईर काढा त्येला!" गर्दी उसळली. नृसिंहरावांची टोपी पायदळी गेली. त्या गोंधळात धोंडुबाई पाटल्या घट्ट धरून घरी परतली.

पावसाळ्यात गुळाला पाणी सुटलं, कंपनी बसली. महाराज कधीच पसार झाले होते. तरी पेठ म्हणाली, नृसिंहरावांनी दृष्ट लावली. दसऱ्याला त्यांच्या दारी सोनं द्यायला कुणी फिरकलं नाही. धोंडुबाई भाकरी आणायची, पण लोकांच्या भीतीनं उंबऱ्यावर ठेवून मुकाट निघून जायची. आतून ते म्हणायचे, "बसा की जरा." तोवर अंगण मोकळं झालेलं असायचं.

वाचकहो, देवाला खुशाल हात जोडा. पण कुणी चमत्कार दाखवला, तर "कसा?" एवढं विचारा. आणि दुसरा कुणी विचारत असेल, तर त्याच्या शेजारी जाऊन उभे राहा.