डाव्या इंजिनाची धार

इंजिनाला शू होते, हे तिला नवऱ्यानं पहिल्यांदा बोटीवर नेलं तेव्हा कळलं. बोटीच्या मागच्या फळीवर दोन इंजिनं शेजारी शेजारी टांगलेली. समुद्राचं पाणी आत ओढून ती स्वतःला थंड ठेवतात आणि तेच पाणी मागच्या एका बारीक भोकातून धार धरून बाहेर पडतं. "धार चालू तर तब्येत ठीक," तो म्हणाला होता. तेव्हा तिला हसू आवरलं नव्हतं. लेक गुंडी झाल्यावर मात्र यात हसण्यासारखं काही उरलं नाही. पोरीनं लंगोट भिजवला की नाही यावर जिचा अख्खा दिवस ठरायचा, तिची नजर इंजिनाच्या धारेवरून हलणार कशी?

आज ती हौसेनं आलेली नव्हती. दीर जिन्यावरून घसरला आणि मनगट प्लास्टरमध्ये घालून बसला. खोल पाण्यात टाकलेली जाळी आज उचलली नसती तर येणाऱ्या वाऱ्यात तिची चिंधीसुद्धा सापडली नसती. "मी धरते की चाक," ती बोलून गेली. तिला वाटलं होतं, नवरा नको म्हणेल. तो म्हणाला, "चल मग, मॅडम." सासूबाईंनी गुंडीला कडेवर घेतलं आणि एवढंच बजावलं, "दुधाच्या वेळेला परत या. बाटलीला तोंड लावत नाही ही, माहितेय ना?"

जाळी वर आली. वाराही आला, रेडिओवर सांगितल्यापेक्षा कितीतरी आधी. किनारा कुठल्या बाजूला आहे हे आता फक्त होकायंत्रालाच ठाऊक होतं. तिची छाती दगडासारखी भरून ठणकत होती, म्हणजे गुंडी आता रडायला लागली असणार.

"घाबरू नकोस," नवरा जाळीचा ढीग दाबून बांधत म्हणाला. "दोन्ही दांडे जोडीनं पुढे, जोडीनं मागे. एकाला लाडावलंस की दुसरा रुसतो. लाट आली की जोर द्यायचा, माथ्यावर पोचलीस की काढायचा. काय सोपं आहे! तुझ्या कॉलेजात याचा एक पेपर ठेवायला हवा होता."

तो बडबडत होता, तोवर तिला धीर होता. चाकाशेजारी दोन दांडे होते, एकेका इंजिनाचा एकेक; त्यानं सांगितल्यासारखी ती दोन्हींवर एकच तळहात ठेवून पुढे-मागे करत होती. मधूनच वळून धारा बघत होती. दोन. पुन्हा बघितलं, दोन. एक मोठी लाट चढून उतरली आणि तिनं मागे पाहिलं.

एकच.

"डाव्याची धार गेली!"

"लाटेत दिसत नसेल."

"गेलीय! मी सांगते ना!"

तेवढ्यात इंजिन तापल्याचा भोंगा किंचाळायला लागला. नवऱ्यानं झेप घेऊन डावं इंजिन बंद केलं आणि बटण दाबून ते पाण्याबाहेर उचललं. पंख्याच्या वर, पाणी ओढायच्या जाळीला प्लास्टिकची एक जाडजूड काळी पिशवी गच्च चिकटली होती.

"हात्तिच्या! कचऱ्याची पिशवी," तो म्हणाला. पण हसला नाही.

एका इंजिनावर बोट एका अंगाला ओढत होती, ढकलगाडीचं एक चाक अडकल्यासारखी. इथे ते एक वेळ चाललं असतं. पण बंदराच्या तोंडाशी दगडी भिंतींच्या मध्ये लाटा फुटतात, तिथे या वाऱ्यात एका इंजिनावर शिरणं म्हणजे भिंतीवर जाऊन आपटणं. आणि बाहेर थांबायचं म्हटलं, तर वारा वाढतच होता.

"काढायला हवी," तो म्हणाला. "मी मागे ओणवा होतो. तू तोंड लाटेवर धरून ठेव."

"आणि पडलास तर? उजव्याचा पंखा फिरतोय तिथे, हातभर अंतरावर!"

"म्हणून तर तू आहेस. मी हात घातला की उजवं न्यूट्रलला आण, दांडा बरोबर मध्ये. मोठी लाट दिसली की ओरड. मी आत येतो, मग तू जोर दे."

"कमरेला दोर बांध आधी."

"अगं, दोर कशाला..."

"बांध म्हणते ना!"

त्यानं बांधला. ओढली की इंजिन बंद पाडणारी लाल दोरी त्यानं तिच्या मनगटात अडकवली. "पडलोच तर हिसडा मार. जोरात." तिनं दोरीचा आणखी एक वेढा मनगटाला दिला.

तो फळीवर पालथा पडला. कंबरेपासून पुढचा सगळा बाहेर, पाण्यावर. तिनं उजवं न्यूट्रलला आणलं. लगेच बोटीचं नाक वाऱ्यानं बाजूला ढकललं जायला लागलं. पुढे बघावं तर तो दिसत नव्हता, मागे बघावं तर लाट दिसत नव्हती. ती मानेला झटके देत दोन्हीकडे बघत राहिली. देवा, नाक फिरतंय. देवा, त्याचे पाय घसरतायत.

"निघाली का?"

"अर्धी! फाटतेय!"

मग ती लाट दिसली. बाकीच्यांच्या डोक्यावरून बघणारी.

"आत ये! आत! आत!"

तो बोटीत कोसळला. तिनं तळहात पुढे रेटला, सगळा जीव त्यात घालून. बोट कण्हत वर चढली, माथ्यावर क्षणभर अधांतरी थांबली आणि दाणकन खाली आली. खारं पाणी डोळ्यांत, नाकात, तोंडात. "आता!" तो ओरडला आणि पुन्हा फळीवर पडला. पंखा! तिनं चाचपडत उजवा दांडा मागे, मध्यावर ओढला. त्याचा हात पाण्याकडे गेला. काळी चिंधी हवेत उडाली.

"निघाली! निघाली गं!" इंजिन खाली सोडत तो धावत आला. त्यानं किल्ली फिरवली.

काहीच नाही. खरखरसुद्धा नाही.

पुन्हा फिरवली. इंजिन मुकं.

"वायर तुटली की काय," तो पुटपुटला. चाकाखालचं झाकण उघडून तो आत हात घालून वायरी चाचपू लागला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. या माणसाला ती इतकी वर्षं ओळखत होती, पण त्याला घाबरलेला तिनं कधी पाहिला नव्हता. सासूबाईंच्या कडेवर गुंडी लालबुंद होऊन रडतेय आणि दाराकडे बघतेय, एवढंच तिला दिसत होतं. आई-बाप दोघंही एकाच बोटीवर. कुणी सुचवलं होतं हे? तिनंच.

बोट पुन्हा बाजूला वळायला लागली. उजव्याला गती द्यायला तिनं हात नेला आणि तिथेच थांबली.

दांडे एका रेषेत नव्हते. उजवा मध्ये, डावा पार पुढे.

लाटेच्या वेळी तिनं रेटले होते ते दोन्ही. जोडीनं, शिकवल्यासारखे. मागे आणला तो मात्र एकच, जिवंत होता तो. आणि दांडा पुढे असला की इंजिन सुरूच होत नाही, हेही त्यानंच तिला कधीतरी सांगितलं होतं.

"वायर सोड," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. "मीच केलंय. हा पुढे राहिलाय." तिनं डावा दांडा मध्ये आणला. "फिरव आता."

किल्ली फिरली. डावं इंजिन खोकलं, थांबलं, पुन्हा खोकलं आणि धडधडायला लागलं. तिनं वळून बघितलं. आधी काहीच नव्हतं. मग थेंब. मग अडखळत, पिचकत, बारीक धार.

"झाली!" ती ओरडली. "शू झाली!"

नवरा होता तिथेच खाली बसला. तो हसत होता की रडत होता ते त्या खाऱ्या पाण्यात कळलं नाही. "मी झाकण उघडतोय, वायरी तपासतोय," तो म्हणाला, "आणि दांड्याकडे बघतोय कोण? मी तर नाहीच."

बंदराचं तोंड दिसायला लागलं तेव्हा भिंतींवर पांढरा फेस उडत होता. तो तिच्या शेजारी उभा राहिला. "आण, आता मी घेतो."

"घे."

तिचा हात दांड्यांवरून हलेना.

"अगं, सोड की."

"सुटत नाहीये," ती म्हणाली. खरंच सुटत नव्हता. बोटं आवळून बसली होती, दुसऱ्या कुणाची असल्यासारखी. समोर लाट फुटली. वाद घालायला वेळ नव्हता. त्यानं एका हातानं चाक घेतलं आणि दुसरा हात तिच्या हातावर ठेवला. तसेच ते आत शिरले, तिचा हात खाली, त्याचा वर, दोन्ही दांडे जोडीनं. भिंत इतकी जवळून गेली की दगडांवरचं शेवाळ दिसलं. ती मात्र मागेच बघत होती. दोन. दोन. दोन.

धक्क्यावर सासूबाई उभ्या होत्या. गुंडीचा टाहो इंजिनांच्या आवाजावरून ऐकू येत होता. नवऱ्यानं दोर बांधला, इंजिनं बंद केली, मग परत येऊन तिच्यासमोर उकिडवा बसला आणि दांड्यांवर आवळलेली तिची बोटं एकेक करून सोडवू लागला.