धनेशच्या सहीची तारीख

धाटावच्या केमिकल कंपनीतल्या लॅबचा प्रमुख धनेश पेणहून यायचा, आणि एसटी वाटेत गडब गावाला अडकली की तिथल्या बूथवरून लॅबमधल्या टायपिस्ट अनिताला फोन करायचा. मालाचं सर्टिफिकेट नऊच्या आत परदेशी गिऱ्हाइकाला ईमेलने जायला हवं, आणि त्यावर धनेशची कॉम्प्युटरवरची सही हवी. सहीचा प्रोग्राम त्यानेच फुकट मिळवला होता. आतला कोड साऱ्या जगाला वाचायला खुला, लपवायचे फक्त सही करणाऱ्याचे परवलीचे शब्द. सहीनंतर एक स्वल्पविराम जरी बदलला तरी प्रोग्राम चोरी पकडतो, असं तो कौतुकाने सांगायचा. आणि तेच शब्द या शहाण्याने फोनवरून अनिताला देऊन टाकले, शेजारणीला विरजण द्यावं तसे. 'इंदुबाईचे वाल कडू.' इंदुबाई त्याची आई. अनिता सही करायची आणि फोनवर सांगायची, "पाठवलं, सर."

दिवाळीनंतर कंपनीतल्या टाकीचा व्हॉल्व्ह फुटला आणि त्यात धनेश जळून गेला. व्हॉल्व्ह गळतोय हे त्याने अनितासमोर तीनदा बजावलं होतं, पण तोंडी. तिसऱ्या दिवशी मॅनेजरने तिच्याकडून एक कागद टाइप करून घेतला: व्हॉल्व्ह तपासला, ठीक आहे. खाली धनेशचं नाव. कॉम्प्युटरचं घड्याळ आठवडाभर मागे घे आणि सही कर, म्हणाला. नोकरीच्या भीतीने तिने केली. प्रोग्रामने निमूट निर्वाळा दिला, सही धनेशची, खरी.

तेव्हापासून नऊ वाजले की लॅबमध्ये वालाच्या उसळीचा वास सुटायचा. धनेशच्या डब्याचा. तिने खिडक्या उघडल्या, फिनेल ओतलं, वास जाईना. फोन उचलला तर पलीकडे एसटीचं इंजिन घुरघुरायचं आणि कुणी बोलायचं नाही. ती मनातून पार खचली.

महिन्याभराने एका सकाळी धनेशची बायको नमिता लॅबमध्ये आली. सरकारी चौकशीत तिला सांगितलं होतं, चूक तुझ्या नवऱ्याचीच, सहीच आहे त्याची. ती भांडायला आली नव्हती.

"खरा सांग गो अनिता. त्यांनीच केली सही?"

नऊ वाजले आणि वालाचा वास सुटला.

"नाय वैनी. मी केली."

नमिता म्हणाली, चौकशीचे साहेब हे मानतील कशाला? मशीन तर त्यांचंच नाव सांगतं.

अनिताने कॉम्प्युटरची तारीख पाहिली. आजचीच होती. तिने सगळं लिहून काढलं, कोणी सांगितलं आणि कोणी केलं, खाली स्वतःचं नाव घातलं. मग परवलीचे शब्द टाकून त्यावर धनेशची सही केली. सही धनेशची, खरी, आज नऊ वाजून दहा मिनिटं. गेलेला माणूस आज सही करतो, तर ती आधीची सही त्याचीच, असं आता कोण म्हणणार? तिने ते चौकशी अधिकाऱ्याला पाठवलं. नमिता स्क्रीनवरच्या नावावर बोट ठेवून रडत होती.

फोन वाजला. अनिताने उचलला. पलीकडे इंजिन घुरघुरत होतं.

"पाठवलं, सर," ती म्हणाली.