मूळ कागद

"काका, नितीश वीकेंडला इथे आलाय आणि सर्टिफिकेटचं ओरिजिनल राहिलंय तिकडे हॉर्नबीच्या फ्लॅटवर, विमानाशिवाय पोचता येत नाही. फोनमध्ये फोटो आहे, हा बघा." विनिताने फोन आणि लेकाच्या सर्टिफिकेटची झेरॉक्स दोन्ही पुढे केलं. "जॉबसाठी आज पाचच्या आत अपलोड करायचंय. फक्त स्टॅम्प हवाय."

माउंट रॉस्किलच्या लायब्ररीत मोरेश्वर दर शनिवारी या टेबलाशी बसत. जस्टिस ऑफ द पीस, म्हणजे जेपी. लोकांच्या कागदांवर सही-शिक्का करणारा बिनपगारी माणूस.

"मूळ कागद पाहिला, असं लिहून सही करायची असते. मी तो पाहिलेला नाही."

"नितीशला ओळखता ना तुम्ही? काकूंना दर मंगळवारी भजनाला मीच नेते, काका."

"म्हणून तर अजिबात नाही."

विनिताने झेरॉक्स घडी करून पर्समध्ये टाकली. "स्वीट ॲज," म्हणजे इथल्या बोलीत 'ठीक आहे', एवढंच म्हणून ती गेली.

मोरेश्वरांनी बत्तीस वर्षं तालुक्याच्या कोर्टांत न्यायाधीश म्हणून काढली. नेमणूक झाली तेव्हा वरिष्ठांनी सांगितलं होतं, गावात घरोबा करायचा नाही. ते त्यांनी नवसासारखं पाळलं. पेढ्यांचे पुडे दारातून परत गेले. शांताबाई कुणाकडे हळदीकुंकवालाही गेल्या नाहीत; आज कुंकू लावणारी उद्या कोर्टात उभी राहायची. तीन वर्षांनी बदली, की नवं गाव आणि पुन्हा तेच बंद दार. लोक त्यांना सरळ माणूस म्हणत. सरळ माणसाच्या बायकोचं कसं चाललंय, हे कुणी विचारलं नाही.

निवृत्तीनंतर दोघं लेकाकडे इथे परदेशात आली. नियमाप्रमाणे इथल्या खासदाराची शिफारस, मुलाखत, शपथ असं सगळं होऊन मोरेश्वर जेपी झाले, तेव्हा शांताबाई म्हणाल्या होत्या, "पुन्हा कशाला?"

"इथे आपल्याला कोण ओळखतंय?" ते म्हणाले होते.

मग विनिता भेटली. लग्नानंतरची शांताबाईंची ही पहिली मैत्रीण.

मंगळवारी त्या सहालाच तयार होऊन, टाळ मांडीवर घेऊन खिडकीशी बसल्या. सात वाजले. गाडी आली नाही, फोनही नाही.

"शनिवारी विनिता आली होती लायब्ररीत," मोरेश्वर म्हणाले आणि सगळं सांगितलं. मग घाईने म्हणाले, "चल, मी बसने नेतो तुला."

"बस जाते हो तिथे. शेजारी कोण बसणार?"

मोरेश्वर थकून खुर्चीत बसले. त्यांनी विचारलं, "माझं चुकलं का?" इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांनी घरात कधी विचारला नव्हता.

"नाही. तुमचं कधी चुकलंय?"

आवाजात राग नव्हता. असता तर त्यांना बरं वाटलं असतं.

शांताबाई उठल्या. वाजू नयेत म्हणून दोन्ही टाळांच्या मध्ये रुमाल घातला आणि ते खालच्या खणात ठेवून दिले.