मारियाची आगटी

"अम्मी, वहाँ कुछ बोलना नक्को हां," चप्पल घालता घालता मारियानं पुन्हा बजावलं. "वादा करी ना तू?"

"करी बाबा, करी," फिरदोस म्हणाली. वादा केला खरा, पण तो निभवायचा म्हणजे दिवसभर तोंडात गरम बटाटा धरून बसायचं होतं.

चौथीचा वर्ग वैराग गावाच्या बाजूला, वर्गातल्याच सिद्धेश्वरच्या आजोबांच्या शेतात हुरडा खायला निघाला होता. हणमंत सरांनी मदतीला आयांना बोलावलं, तेव्हा फिरदोसनं सगळ्यांच्या आधी हात वर केला. मारियाला ते मुळीच आवडलं नव्हतं. तिची आई सगळीकडे असायची. वाढदिवसाला, गॅदरिंगला, सहलीला. हातात वेगळा डबा आणि ओठांवर एकच पालुपद, "तिला गहू चालत नाही हो. मैदा नको, रवा नको, ते बिस्कीटसुद्धा नको." त्यावरून पोरांनी मारियाचं नाव 'पेशंट' पाडलं होतं.

मारियाला सीलिअ‍ॅक आहे हे कळायलाच फार दिवस गेले. पोट फुगलेलं, हातपाय काड्यांसारखे, जेवली की उलटी. कुणी म्हणालं नजर लागली. कुणी म्हणालं, आईच धड खाऊ घालत नसेल. फिरदोस ते ऐकून घ्यायची आणि लेकीला दुधात चपाती कुस्करून भरवायची. जे बाधत होतं तेच मायेनं भरवत होती बिचारी! शेवटी डॉक्टरांनी रक्त तपासलं, दुर्बीण घालून पाहिलं आणि सांगितलं, गव्हातलं चिकट सत्त्व हिच्या आतड्याला सोसत नाही. औषध एकच, गहू कायमचा बंद. कणभरसुद्धा नाही.

गहू सुटला आणि पोर तरारली. सोलापुरात ज्वारीच्या भाकरीला काय तोटा! पोटाचं दुखणं गेलं, पण भलतंच एक मागं लागलं. एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला मारियानं गुपचूप केक खाल्ला आणि मग पोट धरून लोळली. का खाल्लास म्हणून विचारलं, तर म्हणाली, "भूक नव्हती अम्मी. पण सगळ्या एकाच ताटात खात होत्या."

त्या उत्तरानं फिरदोसची झोप उडाली. गव्हापासून लेकीला राखता येत होतं. एकटं पडण्यापासून कसं राखायचं?

म्हणून तर हुरड्याचं एवढं अप्रूप. हुरडा म्हणजे कोवळी ज्वारी, तिथं गव्हाचं कामच नाही. मारिया पहिल्यांदाच डब्याशिवाय निघाली होती, सगळ्यांबरोबर सगळ्यांचंच खायला. "एक दिवस मला कुणी पेशंट नको म्हणायला," एवढंच तिनं मागितलं होतं.

शेतात राखणीला असलेल्या बिरप्पाकाकांनी खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवून ठेवली होती. पोरं गोल बसली. काका कणसं निखाऱ्यात खुपसायचे, उलटीपालटी करायचे आणि हात भाजत असतानाही फटाफट चोळून हिरवे दाणे पाटीत टाकायचे. शेंगाचटणी, गूळ, दही. दहा हात एकदम पाटीत, त्यात मारियाचाही. दाणे तोंडात कोंबत ती कुणाच्या तरी चेष्टेवर एवढी हसली की तिला ठसका लागला. दूर बसलेल्या फिरदोसला वाटलं, हे हसू आपण घरी कधी ऐकलंच नाही.

"घ्या की बाई, ह्ये बी खाऊन बघा." बिरप्पाकाकांच्या बायकोनं, म्हाळसाबाईनं, तिच्या ओंजळीत काहीतरी गरम ओतलं. फिरदोसनं ते चोळलं, फुंकर मारून कुसळं उडवली, तोंडात टाकलं. गोड लागलं. आणि घास घशाखाली उतरल्यावर तिच्या डोक्यात उजेड पडला. या ओंब्या होत्या. गव्हाच्या.

"मावशी, ह्या कुठं भाजल्या?"

"आन् कुटं? त्याच आगटीत की, पयली पाटी झाल्यावर."

फिरदोस उठलीच. ओठांवर पालुपद आलं होतं. पण मारियानं तेवढ्यात तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत वादा होता. फिरदोसनं ओढणीचं टोक दातांत धरलं आणि ती मटकन खाली बसली. पाटीत दुसरा घाणा पडला होता. त्यातला एक घास जरी तिच्या तोंडाकडे गेला, तर वादा गेला चुलीत, असं तिनं मनाशी ठरवलं.

मारिया पाटीकडे बघत होती. हिरव्या दाण्यांत एक लांब, करपलेलं कुसळ होतं.

"काका, ह्यात ओंब्या भाजल्या का?"

"व्हय की. लई ग्वाड हायत. का गं बाय?"

मारियानं हात मागं घेतला. सगळ्यांचं खाणं थांबलं. तिची मान खाली गेली, कान लाल झाले.

"मग मला ह्यातलं नको. मला गहू चालत नाही."

"आगं, पर ही ज्वारी हाय."

"ज्वारीच हाय काका, पण गव्हासोबत भाजली. हात पण तेच. मला कणभर पण चालत नाही."

"कणभरानं काय मरतीस का?" सिद्धेश्वर म्हणाला.

"मरत नाही. पोट दुखतं, शाळा बुडते. मग तुला गणितं कोण दाखवणार? सर दाखवतील?"

पोरं फिसकन हसली. हणमंत सरही हसले. सिद्धेश्वर सगळ्यांत शेवटी हसला, पण हसला.

"मग डबा काढ की तुझा," कुणीतरी म्हणालं.

"आणलाच नाही. मला हुरडाच खायचाय." मारियानं मान वर केली. "काका, मला दुसरी आगटी करून द्याल? बारकीशी?"

फिरदोसच्या दातांतलं ओढणीचं टोक सुटलं. इतकी वर्षं ती स्वतः 'नको, नको' म्हणत फिरली होती. 'द्या' म्हणायचं तिला कधी सुचलंच नव्हतं.

"दितो की! त्यात काय येवढं!" बिरप्पाकाका गुडघ्यावर हात टेकून उठले. "पर खड्डा तुलाच खणाय लागंल."

"खणते की!"

ती खुरपं घेऊन बांधाजवळ गेली. जरा वेळानं सिद्धेश्वर गोवऱ्या घेऊन तिच्यामागं गेला. "ए, आधी हात धू," तिनं त्याला बाहेरच थांबवलं. तो धुऊन आला. मग दुसरी आली, तिसरी आली. नव्या आगटीची मजाच न्यारी, शिवाय तिथं शिरायला नियम होता, आणि नियम असला की पोरांना तिथंच जायचं असतं. हळूहळू जुन्या आगटीपाशी सर, म्हाळसाबाई आणि नवी आगटी पेटवून देऊन परतलेले काका तेवढे उरले. बांधाजवळून मारियाचा आवाज येत होता, "नखं दाखव! दुसऱ्या हाताची पण!"

फिरदोसला राहवेना. डोळे पुसत ती तिकडे निघाली. लेकीला पोटाशी धरायचं होतं, बाकी काही नाही.

"अम्मी, थांब!" मारियानं तळहात आडवा धरला. "तू ओंब्या खाल्ल्यास. बघितलं मी. हात धू, चूळ भर, मग ये."

सगळी पोरं खिदळली. "आगं बाई, लेक हाय का फौजदार!" म्हाळसाबाई मागून ओरडली.

"माझी लेक आहे," फिरदोस म्हणाली. एवढ्या मोठ्यानं ती चारचौघांत कधी बोलली नव्हती.

विहिरीच्या पाइपाखाली तिनं हात धरले. नखांत अडकलेलं एकेक कुसळ काढलं, चूळ भरली, पुन्हा हात चोळले. मग ओले हात पुढं करून ती आगटीपाशी आली. मारियानं ते उलटेसुलटे करून नीट तपासले आणि सरकून आईला जागा करून दिली.